भांडणाचा कागद आधी ठरवा : प्रेम-रहस्य कादंबरी पहिल्यांदा लिहिताना

नवोदितांच्या प्रेम-रहस्य कादंबरीत एक दोष हमखास सापडतो. प्रेमकथा वेगळी चालते, रहस्य वेगळं चालतं आणि दोन घरांचं वैर मधूनमधून तोंडी लावायला येतं. वैर कशावरून, तर "फार जुनं आहे" एवढंच उत्तर मिळतं. मग दीडशे पानांनंतर खुनी सापडला काय आणि लग्न झालं काय, वाचकाला सोयरसुतक उरत नाही.

म्हणून पहिलं प्रकरण लिहायच्या आधी भांडणाचा कागद ठरवा. कागद म्हणजे खरोखरचा कागद. घर फुटलं ते त्याच्यामुळे, गुन्हा घडला तोही त्याच्यामुळे आणि नायक-नायिकेचं लग्न अडलं तेही त्याच्यामुळेच, असा एक.

उदाहरण म्हणून सिंधुदुर्गातलं एक घर घेऊ. आंबा-काजूची बाग, आजोबा वारलेले, मागे आजी, दोन मुलगे आणि एक मुलगी. ही मुलगी म्हणजे नायिकेची आत्या. मे २०११ मध्ये ती घरातून गेली ती परतलीच नाही. "कुणाबरोबर तरी गेली" असं घरच्यांनी ठरवून टाकलं आणि अब्रूपायी पोलिसांत बेपत्ताची तक्रारही दिली नाही. बागेला गिऱ्हाईक आलं, पण वारस म्हणून आत्याची सही हवी होती. डिसेंबरात तिच्या नावाने भावांच्या लाभात हक्कसोडपत्र नोंदवलं गेलं. त्यावर ओळख पटवणारा म्हणून सही आहे नायकाच्या वडिलांची.

इथे नवखे लेखक घाई करतात आणि "खोटी सही केली" असं लिहून मोकळे होतात. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर दस्ताला फोटो आणि बोटांचे ठसे लागतात. त्यामुळे नुसती सही मारून भागत नाही, कचेरीत तोतया बाई उभी करावी लागते. ती बाई कोण, तिला काय दिलं, ती आज कुठे आहे? कायद्याची अट पाळली की गोष्टीला आयतं एक पात्र मिळतं. शिवाय असा दस्त कुणालाही अर्ज आणि फी भरून पाहता येतो, त्याची नक्कल काढता येते. नायिकेला पोलीस मित्राची गरज नाही. ती स्वतः रांगेत उभी राहू शकते, आणि तिने तसंच करावं.

तो प्रसंग जवळून लिहा. नक्कल काळपट आलेली, फोटो टपाल तिकिटाएवढा. चेहरा नीट कळत नाही. पण आत्याच्या डाव्या भुवईत लहानपणी विळीवर पडल्याची खोक होती आणि या बाईची भुवई सलग आहे. नायिका कागद खिडकीच्या उजेडात धरते. मग नजर खाली जाते, ओळख पटवणाऱ्यांच्या रकान्यात, आणि तिथे तिच्या होणाऱ्या सासऱ्यांचं नाव दिसतं. एका पानाने तिन्ही धागे एकदम ओढले जातात. हे साधायचं तर भुवईची खोक आधी दोनदा यायला हवी: एकदा आजीच्या बोलण्यात विळी काढताना, एकदा जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये. एकदाच आली तर वाचक विसरतो, चौथ्यांदा आली तर त्याला आधीच कळतं.

आकारमान साधारण साठ ते सत्तर हजार शब्द, तीस-पस्तीस प्रकरणं. नक्कल सोळाव्या-सतराव्या प्रकरणात हाती यावी आणि दोघांचं तिथेच तुटावं. गुन्हेगार सत्ताविसाव्याच्या आसपास कळावा. ठळक पात्रं आठ-नऊच ठेवा. प्रत्येकासाठी वहीत तीन ओळी लिहा: याला काय हवंय, हा काय लपवतोय, कोणापासून. लपवणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, हीच या प्रकारातली मजा आहे. थोरले काका कर्ज लपवतात. धाकटी काकू आत्याचं मंगळसूत्र लपवते. आजीने तर लेकीची चौकशी मुद्दामच केलेली नाही, कारण ती कुठेतरी सुखात आहे हा समज तिला मोडायचा नाही.

नायकाचं खोटं सगळ्यात जपून रचा. बापाने सही केल्याचं त्याला ठाऊक आहे, का केली ते ठाऊक नाही, आणि कळेपर्यंत तो गप्प आहे. हे पटतं. याउलट नायिकेने त्याला एखाद्या मुलीबरोबर पाहिलं आणि ती बहीण निघाली, असले गैरसमज काढून टाका. कसोटी सोपी आहे: एका फोनने मिटेल असा दुरावा कादंबरीत नको.

भांडण मात्र कागदावर करू नका, ते स्वयंपाकघरात आणि ओटीवर होऊ द्या. कोकणात चतुर्थीला सगळं घर एकत्र येतं, म्हणजे संशयित एका छपराखाली आणायला वेगळी युक्ती नको. नैवेद्य कुणी दाखवायचा, आरतीचं तबक कुणाच्या हातात, वेगळी चूल मांडलेला भाऊ पंगतीला बसतो की प्रसाद घेऊन निघतो, यात सगळं येतं. आपल्या भाषेने तर लेखकाच्या हाती केवढं साधन दिलं आहे! आयुष्यभर "अरे दादा" म्हणणारा धाकटा भाऊ एका संध्याकाळी "तुम्ही ठरवाल ते" म्हणतो, तेव्हा ताट फेकायची गरज उरत नाही. प्रेमातही तेच. दोघं "तुम्ही"वरून "तू"वर कुठल्या प्रकरणात येतात ते आधी ठरवा, आणि नक्कल मिळाल्यावर नायिकेला एकदाच "तुम्ही"वर परत जाऊ द्या.

साल निवडताना कायदा तपासा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद गेला. आत्याचं लग्न नव्वद साली झालेलं असेल, तर भावांचा हेतू २००५ च्या आधी आणि नंतर सारखा राहत नाही. सात वर्षं ठावठिकाणा न लागलेली व्यक्ती मृत धरता येते, मग गुन्हेगार २०१८ पर्यंत थांबला का नाही, हेही चाणाक्ष वाचक विचारणारच. थोरल्या काकांचं कर्ज इथे कामाला येतं.

पळून जाऊन एका दिवसात नोंदणी विवाह, हीसुद्धा नेहमीची चूक. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस आहे. ती कचेरीत लागते आणि कायमचं राहणं दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथेही पाठवली जाते. म्हणजे पुण्यात दिलेली नोटीस सिंधुदुर्गात भिंतीवर. तीस दिवस, आणि गावात कुणीतरी ती वाचतोय, याहून चांगलं घड्याळ कुठलं? दोघंही हिंदू असतील आणि विधीने लग्न लावून मग नोंदणी करणार असतील, तर मात्र हे घड्याळ वापरता येत नाही.

गुन्हेगार कळल्यावर किमान तीन प्रकरणं राखून ठेवा. आजीला लेकीचं खरं कोण सांगतं, सातबाऱ्यावर आत्याचं नाव पुन्हा लावायला कोण तलाठ्याकडे जातं, नायक वडिलांसमोर बसतो तेव्हा आधी कोण बोलतं, हे सगळं तिथे यायचं आहे. आणि त्या सही करणाऱ्या माणसाला नायिका आता काय म्हणून हाक मारते, तेही.