मोटरसायकलचं ॲव्हरेज घरच्या घरी कसं वाढवावं

शंभर-सव्वाशे सीसीची गाडी ॲव्हरेज देईनाशी झाली की पहिला संशय पेट्रोल पंपावर जातो आणि दुसरा इंजिनवर. पुष्कळदा दोघंही निर्दोष असतात. चाक, चेन नाहीतर ब्रेक कुठेतरी घासत असतो आणि ते घासणं ओढून नेण्यात पेट्रोल जळतं. हे शोधायला पाने, जुना टूथब्रश, थोडं ऑईल आणि रविवारची सकाळ पुरते.

आधी खरं ॲव्हरेज काढा

टँक भरताना नोझल आपोआप बंद झालं की थांबा. गळ्यापर्यंत भरून घेण्याची सवय सोडा. नव्या गाड्यांत पेट्रोलच्या वाफा धरून ठेवणारा कॅनिस्टर असतो, त्यात जास्तीचं पेट्रोल शिरतं. किलोमीटरचा आकडा टिपून नेहमीसारखी गाडी चालवा आणि दोनेकशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर, गाडी तशीच मेन स्टँडवर लावून पुन्हा भरा. समजा 216 किलोमीटर झाले आणि 4.1 लिटर पेट्रोल बसलं, तर ॲव्हरेज 52.7. काट्यावरून किंवा ‘शंभरच्या पेट्रोलमध्ये इतकी गेली’ यावरून काढलेला आकडा धरू नका.

हवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. योग्य आकडा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. अनेक 100 सीसी गाड्यांना एकट्यासाठी पुढे 25 आणि मागे 28 पीएसआय लागतं, मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकात त्याहून जास्त. हवा टायर थंड असताना तपासा, म्हणजे घराजवळच्या पंपावर. ‘चाळीस-चाळीस टाकू का?’ असं विचारणाऱ्याला आपला आकडा सांगा. ठासून भरलेल्या हवेने गाडी हलकी पळते हे खरं, पण ओल्या रस्त्यावर पकड सुटते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्यात अर्थ नाही, साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच.

चेन आणि ब्रेक, याच क्रमाने

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद. चालू इंजिनवर चेनला हात लावू नका, बोटं जातात.

चेन रॉकेलने किंवा चेन क्लीनरने ब्रश मारून धुवा, पुसा आणि चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने 90 नंबरचं गिअर ऑईल थेंबथेंब सोडा. वरचं ओघळणारं तेल पुसून टाका, नाहीतर त्यावर धूळ चिकटून खरकागद तयार होतो. मग खालच्या बाजूला मधोमध चेन बोटाने वर-खाली करा. बहुतेक गाड्यांत 20 ते 30 मिलिमीटर ढिलाई हवी. जास्त असेल तर एक्सलचा, म्हणजे मागच्या चाकाच्या आसाचा, नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा आणि खुणा दोन्हीकडे जुळताहेत ना ते बघा. चाक तिरकं बसलं तर चेन, स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) आणि टायर तिन्ही खाल्ले जातात. शेवटी नट पक्का आवळा.

इथेच बहुतेकांचं फसतं. चेन ताणताना चाक मागे सरकतं आणि त्याबरोबर मागच्या ड्रम ब्रेकचा रॉड ओढला जातो. चेन छान होते आणि ब्रेक गुपचूप लागून राहतो. म्हणून चेननंतर चाकाला एक झटका द्या. हात सोडल्यावरही ते थोडं फिरत राहायला हवं. ‘खर्र’ आवाज करून लगेच थांबलं तर ब्रेकचा नट अर्धा फेरा सैल करा, पेडल दाबून सोडा, पुन्हा फिरवा. पेडलला साधारण 20 ते 30 मिलिमीटर मोकळी चाल ठेवा आणि गल्लीत हळू चालवून ब्रेक नीट लागतो का ते पाहूनच मोठ्या रस्त्याला लागा.

फिल्टर, प्लग, ऑईल

फोमचा एअर फिल्टर धुता येतो. तेलकट कागदी फिल्टरवर मात्र हवेचा फवारा मारू नका, तो ठरलेल्या किलोमीटरला बदलायचाच असतो. प्लगचं टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. काळी काजळी दिसली तर पेट्रोल नीट जळत नाही. ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. 10डब्ल्यू30 लागणाऱ्या गाडीत ‘घट्ट चांगलं’ म्हणून 20डब्ल्यू50 ओतलं की इंजिनला तेच जड होतं.

चालवताना

टॉप गिअरमध्ये 40 ते 50चा स्थिर वेग या गाड्यांना मानवतो. वेग 50वरून 70वर नेला की हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. हाफ क्लचवर रांगू नका. सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ दिसत असेल तर इंजिन बंद करा.

खंबाटकी किंवा कसारा उतरताना न्यूट्रल टाकणारे अजूनही दिसतात. 2020च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत, म्हणजे त्यांत कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल मोजून फवारतो. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरताना त्यांचा पेट्रोलपुरवठा जवळपास थांबतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. शिवाय इंजिनचा ब्रेक गेला, तो वेगळा.

हे करू नका

टँकमध्ये डांबर गोळ्या, पाइपवर लोहचुंबक, पेट्रोलात रॉकेल: यातल्या एकानेही ॲव्हरेज वाढत नाही, आणि गोळ्यांनी इंजेक्टर तुंबला तर खर्च वेगळा. पहाटे पेट्रोल भरल्याने जास्त मिळतं हेही तसंच. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. रुंद टायर दिसायला भारी, पण ॲव्हरेज खातो.

थोडी घट तुमच्या हातात नाही. पेट्रोलात आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यातच जुन्या दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के घट धरली होती. तेवढ्यासाठी इंजिन खोलायला देऊ नका.

घट त्याहून मोठी असेल आणि वरचं सगळं करूनही आकडा हलला नाही, तर टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट), क्लच प्लेट आणि बेअरिंग तपासायला गॅरेज गाठा. रेस वाढते पण गाडी पळत नाही असं होत असेल तर क्लचचं आधी सांगा. किलोमीटर आणि लिटरच्या नोंदीही दाखवा. नुसतं ‘ॲव्हरेज कमी झालंय’ म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी प्लग नि फिल्टर बदलून बिल हातात ठेवतात.