फ्लॅट की स्वतंत्र घर? आधी निव्वळ भाडं काढा

गुंतवणुकीसाठी घर बघताना दलाल सांगतो ते भाडं तसंच्या तसं धरू नका. वर्षाला 12 ऐवजी 11 महिने धरा. भाडेकरू बदलताना एखादा महिना घर रिकामं राहतंच. कागदावरचा 6 टक्के परतावा इथेच साडेपाचवर येतो. त्यातून मालमत्ता कर, विमा, डागडुजी आणि फ्लॅट असेल तर मेंटेनन्स वजा करायचा आहे अजून.

फ्लॅट सहसा लवकर भाड्याने जातो, गच्ची गळली तर खर्च सगळ्यांत वाटला जातो. स्वतंत्र घराचं गळकं छप्पर मात्र एकट्याच्या खिशावर. पण इमारत जुनी होत जाते, जमीन होत नाही. दीर्घकाळात भाव चढतो तो मुख्यतः जमिनीचा, आणि फ्लॅटवाल्याच्या वाट्याला तिचा लहानसा तुकडाच येतो.

फ्लॅट पसंत पडला, तर सोसायटीचा ताळेबंद मागाच. लिफ्ट 20 वर्षांची आणि राखीव निधी जेमतेम असेल, तर नव्या लिफ्टची वर्गणी तुमच्याच माथी. मी तर हॉलच्या आधी जिन्यातल्या भिंतींची ओल बघतो. आतला रंग विकणाऱ्याने कालच मारलेला असतो.