डाळिंबावर उन्हाचे चट्टे पडतात? केओलिन फवारा

आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या हंगामाची) फळं ऐन एप्रिल-मेच्या उन्हात फुगत असतात. पश्चिमेकडची, पानाआड नसलेली फळं दुपारी भाजतात, सालीवर तपकिरी चट्टा पडतो आणि मालाचा भाव पडतो. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे केओलिन, चिनी मातीची भांडी घडवतात तीच मऊ पांढरी माती.

ही माती विरघळत नाही, पाण्यात ढवळली की नुसती तरंगत राहते. पाणी सुकलं की फळावर बारीक पांढरा थर उरतो आणि तो ऊन परतवतो. बेंटोनाइट या दुसऱ्या चिकणमातीसारखी ती फुगत नाही, म्हणून द्रावण घट्ट होत नाही.

पहिल्या फवारणीला लिटरला 50 ग्रॅम, पुढे पंधरवड्याने 25 ग्रॅम. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, फडक्यातून गाळा, मगच टाकीत ओता. टाकी सतत ढवळत राहा. दहा मिनिटं थांबलात तर माती तळाशी बसते आणि नोझल तुंबतं. फवारणीसाठी बनवलेलं बारीक केओलिनच घ्या, भांड्यांची भरड माती नको.

कोरड्या पानांवर, सकाळी फवारा. वळवाचा पाऊस झाला तर थर धुऊन जातो, पुन्हा मारावं लागतं. पिशवी उघडताना तोंडाला मास्क हवाच, ही धूळ फुफ्फुसाला वाईट. तोडणीनंतर फळ ओल्या कापडाने पुसलं की पांढरेपणा निघतो; देठाच्या विरुद्ध टोकाला असलेल्या मुकुटात मात्र माती अडकते, तिथे मऊ ब्रश फिरवा.