गावच्या कला केंद्रासाठी निधी-संध्या करताय? या चुका टाळा

दिवाळी सरली की मला फोन सुरू होतात. "सर, आपल्या केंद्रासाठी निधी-संध्या ठेवलीय. तीन आठवडे राहिलेत. देणगीदार कुठून आणायचे?" तोवर मांडव ठरलेला असतो, फ्लेक्स छापून आलेला असतो, टीव्हीवरच्या पाहुण्याला सुपारी गेलेली असते. पैसे कोण देणार, याचा विचार मात्र अजून कुणी केलेला नसतो. मी एकच सांगतो, तारीख पुढे ढकला. ऐकणारे थोडे.

लातूर-बीडच्या शिवेवरच्या एका केंद्राचा हिशेब आणि रंगमंचामागची धावपळ मी बरीच वर्षं सांभाळतोय. पत्र्याची शेड, पुढे मातीचं पटांगण, आणि संध्याकाळी संबळ, हलगी, भारूड शिकायला येणारी पोरं. आजूबाजूच्या गावांतही असे कार्यक्रम उभे करायला गेलोय. त्यातल्या दोन चुका इतक्यांदा पाहिल्यात की त्यांवर सविस्तर लिहितो. बाकीच्या थोडक्यात.

सत्कारांत कार्यक्रम संपतो

एका गावात मी मदतीला होतो. पत्रिकेवर वेळ सायंकाळी ६ ची. लातूरहून दोन डॉक्टर, एक बियाण्यांचे व्यापारी, गावातूनच शिकून पुण्याला गेलेले तीन इंजिनियर सहकुटुंब आलेले. सगळे पावणेसहालाच पुढच्या रांगेत बसले. प्रमुख पाहुणे पावणेआठला आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि सत्कार. यादी ९ जणांची होती. मंचावर चिठ्ठ्या येत गेल्या आणि ती २७ वर गेली.

शेडच्या मागे हलगीवाले मामा पाच वाजल्यापासून तयार होते. जानेवारीची थंडी. गारठ्यात हलगीचं कातडं सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी ती शेकावी लागते. मामांनी तुराट्यांचा जाळ केला, हलगी त्यावर धरून फिरवली, बोटाने टिचकी मारून आवाज पाहिला. कडक, स्वच्छ. "आता लावा," म्हणाले. पुढे भाषण सुरू झालं. वीस मिनिटांत हलगी पुन्हा गार. पुन्हा जाळ. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी तुराट्या संपल्या, तेव्हा मामांनी स्वतःच्या पिशवीतल्या भाकरीच्या कागदाचा जाळ केला. मला म्हणाले, "सर, आता ही बोलायची न्हाई. हिला किती येळा उठवू?"

मामा मंचावर गेले तेव्हा ९ वाजून ४० मिनिटं झाली होती. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावा लागतो, खास परवानगी असेल तरच पुढे चालतो. ती कुणी काढली नव्हती. वीस मिनिटांत खेळ उरकला. लातूरची मंडळी नवालाच निघून गेली होती. निधीचं आवाहन कोण करणार होतं, हे आयोजकांना शेवटी आठवलं, तेव्हा समोर गावातली पोरं आणि गुंडाळलेल्या सतरंज्या होत्या. ज्यांनी पैसे दिले असते त्यांनी ना कला पाहिली, ना त्यांच्याकडे कुणी काही मागितलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पत्रिकेवरच्या मिनिटाला पडदा उघडायचा, पाहुणे आलेले असोत वा नसोत. पहिल्यांदा मंचावर येतं ते केंद्रात शिकणारं पोर, निवेदक नाही. गेल्या वेळी आमच्याकडे सातवीतल्या मुलीने संबळ वाजवला. काठी धरायच्या बोटाला पट्टी बांधलेली होती, आणि पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींना ती पट्टी दाखवत होत्या. मग थोरल्या कलावंतांचा एक खेळ. पाऊण तास झाला, लोक रंगले, की तिथेच आवाहन. तेही पुढाऱ्याकडून नको. शिकणाऱ्या मुलाच्या आईने किंवा वडिलांनी चार वाक्यं बोलायची आणि आकडा सांगायचा. "केंद्राला मदत करा" असं मोघम बोललं की लोक टाळ्या वाजवून मोकळे होतात. "एका मुलाच्या वर्षभराच्या शिकवणीला एवढा खर्च येतो, आज बारा मुलं आहेत" असं सांगितलं की माणूस मनात हिशेब करतो. सत्कार तीनच, तेही आवाहनानंतर. चौथं नाव आलं तर मी चिठ्ठी खिशात ठेवतो आणि त्या माणसाला जेवणाच्या वेळी स्वतः भेटून शाल देतो. रुसवे होतात. ते सोसायची तयारी असलेला एक माणूस मंचाजवळ लागतोच.

जाहीर झालेली रक्कम म्हणजे जमा रक्कम नव्हे

दुसरी चूक आमच्याच केंद्रात झाली, आणि त्या वर्षी हिशेब माझ्याकडे होता. मंचावरून आकडे येत होते. "अमुक पाटलांकडून २१ हजार! तमुक दादांकडून ५१ हजार!" टाळ्या, शिट्ट्या, हलगीचा कडकडाट. रात्री आम्ही बेरीज केली ४ लाख ३८ हजार. त्याच भरवशावर शेडच्या नव्या पत्र्यांची ऑर्डर दिली. मार्चअखेर हातात आले १ लाख १२ हजार.

नडलं कशामुळे? आम्ही नावं लिहिली होती, पण कशी? "पाटील, २१." त्या गर्दीत पाटील पाच होते. फोन नंबर नाही, सही नाही, कधी देणार त्याचा पत्ता नाही. काहींनी भर गर्दीत मान राखायला आकडा बोललेला. काहींची नावं त्यांना न विचारता शेजाऱ्याने पुकारली होती. फोन करायला आम्ही दोन महिने लावले, तोवर तो उत्साह ओसरला होता. पत्रेवाल्याचे पैसे आम्ही पाच जणांनी भिशीतून उचलून दिले.

लग्नात आहेराची वही लिहायला आपण घरातला सगळ्यात चोख माणूस बसवतो. नाव, गाव, कुणाचा कोण, किती, सगळं टिपलं जातं. वीस वर्षांनी ती वही काढून परतीचा आहेर केला जातो. ही अक्कल आपल्या रक्तात आहे, मग निधी-संध्येला आपण ती घरी का ठेवून येतो? आता आमच्याकडे दाराशी एक आणि मांडवात दोन अशा तीन वह्या असतात. आकडा आला की वहीवाला त्या माणसाजवळ जाऊन बसतो. पूर्ण नाव, मोबाईल, पॅन, रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, आणि सही. मंचावरून पुकारायचं ते वहीत उतरल्यावरच. त्याच रात्री तिघं बसून वह्या जुळवतो, झोप नंतर. तिसऱ्या दिवसाच्या आत प्रत्येकाला फोन, आणि त्या फोनवर पहिलं वाक्य आभाराचं. पैशांचा विषय दुसरा. आणि खर्चाची ऑर्डर फक्त जमा रकमेवर.

तारीख

तारीख काढताना पंचांगासोबत पीकही बघा. ऑक्टोबरात सोयाबीनची रास सुरू असते, तेव्हा गावात माणूस भेटत नाही. नवरात्रात गोंधळी आणि आराधी तुळजापूरच्या वाटेवर असतात. मार्गशीर्षात खंडोबाची माळेगाव यात्रा असते, तेव्हा चांगली पथकं तिकडे. आणि बीडकडच्या गावांनी हे विसरूच नये की दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तुमचा उत्तम ढोलकीवाला फेब्रुवारीत सांगलीच्या उसाच्या फडात असू शकतो. आम्ही संक्रांतीनंतरचा शनिवार धरतो. हुरडा असतो, शहरातली माणसं त्या निमित्ताने गावाकडे येतात, दुपारी शेतात हुरडा आणि संध्याकाळी खेळ असा दिवस जमतो. जेवणाला केटररची पनीरची भाजी नको. बाजरीची भाकरी, येसर आमटी, ठेचा. खर्च कमी येतो आणि पुण्याहून आलेला माणूस तीच चव आठवत परत जातो. तयारीला चार महिने लागतात. तीन आठवड्यांत होतो तो गर्दीचा कार्यक्रम, निधीचा नाही.

कलावंताला फुकट बोलावणं

याचा मला संताप येतो. "केंद्राचंच काम आहे, बिदागी काय घ्यायची?" असं साठी ओलांडलेल्या गोंधळ्याला सांगणारे लोक मांडववाल्याला, साउंडवाल्याला, फ्लेक्सवाल्याला रोख मोजतात. ज्येष्ठ कलावंतांना सरकारचं मानधन आहे ते महिन्याला ५,००० रुपये, तेही मंजूर झालेल्यांनाच. ज्यांच्या कलेच्या नावाने आपण पैसे मागतो, त्यांचीच बिदागी बुडवायची? आमच्याकडे पाकीट मंचावर जाण्याआधी हातात पडतं, गाडीभाडं वेगळं. टीव्हीवरच्या पाहुण्याला मी विरोध करतो तोही यासाठीच. जमलेल्यातला मोठा वाटा त्यालाच जातो, लोक त्याच्याबरोबर फोटो काढून निघून जातात.

पावती, कर आणि परदेशातली मंडळी

तिकिटाचे पैसे आणि देणगी वेगळी ठेवा. तिकिटाच्या बदल्यात खेळ आणि जेवण मिळतं, त्यावर ८०-जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत देणारी, पावती फाडू नका. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर करसवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा बँकेतूनच घ्या. नवी करप्रणाली घेतलेल्या नोकरदाराला तर ही सवलत लागूच नाही, तेव्हा "टॅक्स वाचेल" हे आमिष दाखवू नका. पुढे तो विचारायला येतो. ८०-जी असलेल्या संस्थेने देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरायचं असतं. पॅन आधीच घेतला नसेल तर मे महिना फोन करण्यातच जातो.

गावचा मुलगा अमेरिकेत आहे आणि पैसे पाठवतोय? आधी पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर अडचण नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो परदेशी निधी ठरतो, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय संस्थेला घेता येत नाही. नातं कितीही जवळचं असो.

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवर एक रुपयाही नको, तो देवमाणूस असला तरी. आणि दोनशे मोबाईल एकाच वेळी सुरू झाले की गावातलं नेटवर्क बसतं, म्हणून पावतीपुस्तक हाताशी ठेवा.

संस्था नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क ची परवानगी घ्या. नाटक असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. शेवटच्या आठवड्यात धावू नका.

उरलेलं

जनरेटर भाड्याने घेताना चालवणारा माणूस आणि डिझेलसुद्धा ठरवा. जनरेटर आला आणि टाकी कोरडी, हे मी दोनदा पाहिलंय.

संबळ आणि गळा यांची माइकची चाचणी दुपारी करा, तीही वाजवणाऱ्यालाच बसवून.

पुढच्या रांगेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील बसवा. त्यांना मागे उभं ठेवू नका.

कार्यक्रमानंतर आठ दिवसांत जमाखर्च कागदावर लिहून केंद्राच्या दाराला आणि ग्रामपंचायतीच्या फलकाला लावा. मांडव किती, जेवण किती, बिदागी किती, उरले किती. आमच्याकडे पहिल्या वर्षी तो कागद लावला तेव्हा एक आजोबा काठी टेकत आले, बराच वेळ वाचत उभे राहिले, आणि धोतराच्या कनवटीतून शंभराची नोट काढून म्हणाले, "ह्यात माझं नाव न्हाई. लिव्हा."