एटीव्ही तापायलीय? आधी जाळी बघा, मग पाना उचला

"अण्णा, गाडी तापायलीय. थर्मोस्टॅट बदलून टाकू का?" एप्रिल लागला की असे फोन सुरू होतात. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप. फोन करणारे बहुतेक डाळिंबवाले, द्राक्षवाले. बागेत फवारणीची टाकी ओढायला, खताची पोती न्यायला त्यांनी एटीव्ही, म्हणजे चार जाड चाकांची हँडलवाली गाडी, घेतलेली असते. सोलापुरात होटगी रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे. ट्रॅक्टर आणि मोटरसायकलीवर हात बसलेला, आणि आता या गाड्याही येतात. त्यांतल्या कितीतरी गाड्या एकही नवा पार्ट न टाकता बऱ्या होऊन गेल्या. म्हणून सांगतो, पार्ट मागवायच्या आधी बाहेरून आत असं बघत जा.

आधी गाडी शेतात तापली तर काय करायचं ते. गाडी तापल्याचा दिवा लागला पण वाफ नाही, तर ओझं सोडा, गाडी सावलीत घ्या आणि फॅन फिरत असेल तर दोन मिनिटं इंजिन तसंच हळू चालू द्या. फॅन बंद असेल किंवा वाफ येत असेल तर लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनवर विहिरीचं गार पाणी ओतू नका, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकतं. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, म्हणजे नाही. माझ्याकडच्या एका पोराने फडकं धरून अर्धा आटा फिरवला होता. कोपरापर्यंत हात भाजला, पंधरा दिवस पट्टी होती. आपल्याकडे मे महिन्यात हवाच 42-43 अंशांची असते, इंजिन पटकन निवत नाही. रेडिएटरवर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे, तोवर थांबा.

गाडी निवली की पहिल्यांदा रेडिएटरची जाळी. ती पुढच्या चाकांच्या मधे, चिखल उडतो नेमका तिथेच बसवलेली असते. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये मालदांडी ज्वारीची मळणी, भुसकट उडत असतं. माळावरून गाडी नेली तर गवताची कुसळं फिन्समध्ये, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्यांत, आडवी अडकतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि मागच्या अंगाला, फॅनच्या बाजूला, गादी बसलेली असते. टॉर्च मागून लावा आणि पुढून बघा. उजेड आरपार आला नाही तर वाराही जात नाही. धुताना पाण्याची धार मागून पुढे, म्हणजे घाण आली त्याच्या उलट दिशेने सोडा. साधा नळीचा फवारा पुरे. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाने अॅल्युमिनियमच्या फिन्स एका झटक्यात आडव्या होतात, मग ती वाट कायमची बंद. माती घट्ट असेल तर रात्रभर ओलं पोतं लावून ठेवा आणि सकाळी धुवा. वाकलेल्या फिन्स बारीक चिमट्याने एकेक करून सरळ होतात. वेळ जातो, पण करा.

मग फॅन. गाडी कधी तापते हे मालकाला विचारलं की निम्मं निदान होतं. पळताना ठीक आणि टाकी ओढत हळू चालताना तापते, तर फॅनकडे संशय. पळवतानाच तापते तर रेडिएटर आतून चोंदलेला, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी, नाहीतर पाणी नीट फिरत नाही. चालू केल्यावर पाच मिनिटांत तापली तर थर्मोस्टॅट किंवा आत अडकलेली हवा.

सांगोल्याकडचे एक बागायतदार आले होते. दुसऱ्या गॅरेजात वॉटर पंप बदलून झाला, थर्मोस्टॅट झाला, फॅनची मोटरही नवी. गाडी तरीही तापायची. मी इंजिन गरम करून फॅन लागू दिला आणि वहीचं एक पान जाळीसमोर धरलं. पान आत ओढलं जायला हवं होतं, ते बाहेर फेकलं गेलं. मोटर बसवताना वायरी उलट्या जोडल्या होत्या. फॅन इंजिनाकडची गरम हवाच रेडिएटरमधून पुढे ढकलत होता. दोन वायरी बदलल्या, काम झालं. त्या माणसाचे आधी गेलेले पैसे आठवले की अजून वाईट वाटतं. तुमच्या गाडीवर ही कागदाची परीक्षा करा, मात्र बोटं आणि सैल बाह्या फॅनपासून लांब ठेवा. फॅन लागतच नसेल तर त्याचा सॉकेट काढून बॅटरीचे 12 व्होल्ट थेट द्या, प्लस-मायनस बघून. फिरला तर मोटर चांगली, मग फ्यूज, रिले (फॅनला वीज सोडणारा स्विच) आणि सेन्सरची वायर तपासा. नाही फिरला तर मोटर गेली.

आता पाणी, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. कूलंटची जादा बाटली भरलेली दिसली म्हणून रेडिएटर भरलेला आहे असं धरू नका. इंजिन निवताना झाकणातली छोटी झडप बाटलीतलं कूलंट परत आत ओढून घेते. ती अडकली की बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. निवल्यावर वरचा पाईप चपटा झालेला दिसला तर हीच झडप. झाकणाचं दुसरं काम दाब धरणं. सोलापूरच्या उंचीवर साध्या पाण्याला शंभरच्या थोडं आधीच उकळी फुटते. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असेल तर ती 107 च्या आसपास जाते, आणि झाकणाने दाब धरला तर 120 च्याही वर. रबर चिरलेलं झाकण म्हणजे हा सगळा फायदा गेला. झाकणावर दाबाचा आकडा असतो, नवं घेताना तोच घ्या. बोअरचं पाणी मात्र कधीही नको. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. कूलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकारचंच घ्या, दोन वेगळे प्रकार एकत्र करू नका. काढलेलं जुनं कूलंट डब्यात झाकून ठेवा. ते गोडसर असतं आणि विषारी, कुत्री चाटतात.

कूलंट भरून झाल्यावर गाडी उलट जास्तच तापायला लागली, तर आत हवा अडकली. पुढची चाकं बांधावर चढवा, रेडिएटरचं तोंड सगळ्यांत वर यायला हवं. हँडब्रेक लावा, चाकांमागे दगड ठेवा. इंजिन थंड असताना झाकण काढून चालू करा, वरचा पाईप हाताने मधूनमधून दाबा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत रहा. हवा काढायचा स्क्रू असेल तर इंजिन चालू करायच्या आधीच तो सैल करा आणि सलग धार आली की आवळा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे वरचा पाईप एकदम गरम होईपर्यंत हे चालू ठेवा, मग झाकण लावा.

एवढं करूनही तापली तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात उकळायला टाका, थर्मामीटरसकट. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला हवा. तो कायमचा काढून गाडी चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून कूलंट ठिबकत असेल तर सील गेलं.

शेवटी हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालच्या इंजिनच्या मधलं सील. तेलकाडीवर दुधाच्या चहासारखं तेल, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, किंवा सगळी हवा काढूनही रेडिएटरच्या तोंडाशी न संपणारे बुडबुडे. यांतलं काही दिसलं तर गाडी चालवत आणू नका, टेम्पोत घालून आणा.

काम झालं की लगेच टाकी जोडू नका. बागेला दोन रिकाम्या फेऱ्या मारा, रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी थंड असताना झाकण उघडून पुन्हा बघा. थोडी पातळी उतरलेली असते, तेवढं भरा. तिसऱ्या सकाळीही उतरलेलीच दिसली तर कुठेतरी गळतंय. गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि ओला डाग कुठल्या पाईपच्या खाली पडतो ते बघा.