बातमी कशी वाचायची: माध्यमांच्या अभ्यासाला नव्याने लागणाऱ्यांसाठी

या अभ्यासात नवे आलेले बहुतेक जण सुरुवातीला फक्त खोट्या बातम्यांच्या मागे लागतात. ते काम गरजेचं आहेच, पण जनमत घडतं ते बरंचसं खऱ्या बातम्यांच्या निवडीतून आणि मांडणीतून. १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या संशोधकांनी चॅपल हिल या अमेरिकी गावातल्या, मत कोणाला द्यायचं हे अजून न ठरलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते, ते विचारलं. उत्तरांतला क्रम आणि माध्यमांनी त्या प्रश्नांना दिलेल्या महत्त्वाचा क्रम जवळजवळ तंतोतंत जुळला. मात्र एवढ्यावरून माध्यमांमुळेच मत बदललं, हे सिद्ध होत नाही. उत्तरपत्रिकेत ही गफलत सर्रास दिसते.

सरावासाठी एकच घटना आणि एकाच दिवसाची तीन-चार वृत्तपत्रं घ्या. वहीत रकाने आखा: पान आणि जागा, मथळा, पहिल्या परिच्छेदात कोण बोलतं, कोणाची बाजू शेवटी ढकलली, कोणाची आलीच नाही. मथळ्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘पोलिसांनी आंदोलकांवर लाठीमार केला’, ‘आंदोलकांवर लाठीमार’, ‘आंदोलनाला हिंसक वळण’. घटना तीच, पण दुसऱ्या मथळ्यात मारणारा गायब झाला आणि तिसऱ्यात दोष आंदोलनाकडे सरकला. तिन्हींत धडधडीत खोटं काही नसेलही, म्हणून नुसती तथ्यपडताळणी इथे पुरत नाही.

हे रकाने एकट्याने भरू नका. दोघांनी स्वतंत्रपणे भरायचे, मग पडताळायचे. जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे बहुधा रकान्याची व्याख्याच ढिली असते; ती घट्ट करून पुन्हा भरा. ‘नकारात्मक सूर’ असा मोघम रकाना हमखास फसतो.

आकड्यांत आधी पाया विचारा. ‘रुग्ण दुप्पट’ म्हणजे लाखात दोनाचे चार की दोनशेचे चारशे? जनमत चाचणीत नमुना किती, कसा निवडला, प्रश्नाचे नेमके शब्द काय आणि पैसे कोणी दिले, हे पाहा. हजार जणांच्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून काढावा तशा) नमुन्यात साधारण तीन टक्के इकडे-तिकडे धरावे लागतात. मग ४६ विरुद्ध ४४ला ‘आघाडी’ म्हणणं टिकत नाही. नुसता मोठा नमुनाही वाचवत नाही: १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक उत्तरं आली होती, तरी अध्यक्षीय निवडणुकीत रूझवेल्ट हरतील हा त्यांचा अंदाज साफ चुकला. पत्ते प्रामुख्याने टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेले, शिवाय ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी उत्तर पाठवणारे थोडेच.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे आपल्याला पटणारी बातमी. न पटणारी आपण कसून तपासतो, पटणारी तशीच पुढे पाठवतो. म्हणून तपासायच्या बातम्या आपण निवडू नयेत. आधी ठरवलेल्या पानावरची पहिली बातमी घ्यावी, मग ती कोणाच्याही बाजूची असो. आणि ‘सगळेच विकले गेलेत’ म्हणून मोकळं होऊ नका. त्यात तपासणी नसते, नुसती सुटका असते.