सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवताना गुण कशाला द्यावेत?

पदवीच्या वर्गात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय बहुतेक वेळा दोन सुट्या तुकड्यांत शिकवला जातो. तासाला वॉटरफॉल, स्पायरल आणि ॲजाइल या सॉफ्टवेअर बांधण्याच्या पद्धतींच्या आकृत्या व व्याख्या होतात, आणि प्रयोगशाळेत सत्राच्या अखेरीस गटप्रकल्पाचा एक डेमो होतो. या दोहोंचा एकमेकांशी फारसा संबंध राहत नाही, कारण गुण डेमोला असतात आणि विद्यार्थी गुण जिथे असतात तिथेच राबतात. त्यात त्यांची काही चूक नाही. म्हणून अभ्यासक्रम आखताना कोणता धडा कोणत्या आठवड्यात शिकवायचा हे नंतर ठरवावे. गुण कशाला द्यायचे हे आधी पक्के करावे.

१९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोने भरवलेल्या परिषदेमुळे या विषयाचे नाव रूढ झाले. तेव्हा प्रश्न प्रोग्राम लिहिता येतो की नाही हा नव्हता. अनेकांनी मिळून लिहिलेले मोठे सॉफ्टवेअर वेळेत, ठरलेल्या खर्चात आणि भरवशाचे होत नाही, हा होता. दुसऱ्याने लिहिलेला कोड, मध्येच बदलणारी मागणी आणि एकत्र काम करणारी माणसे या तीन गोष्टी ज्या प्रकल्पात नाहीत, त्यात या विषयाची अडचणच विद्यार्थ्याच्या वाट्याला येत नाही. कोऱ्या फाइलपासून सुरू होऊन चार आठवड्यांत संपणारा प्रकल्प हा प्रोग्रामिंगचा चांगला सराव ठरेल, पण त्याच्यावर या विषयाचे मूल्यमापन बेतू नये.

त्यामुळे पहिल्या आठवड्यात प्रत्येक गटाला चालू स्थितीतला, दोन-तीन हजार ओळींचा कोड द्यावा. उदाहरण म्हणून बैठकीच्या खोल्यांचे आरक्षण करणारे एक साधे सॉफ्टवेअर घेऊ. गटात चार किंवा पाच विद्यार्थी असावेत. तिघांच्या गटात समन्वयाचे प्रश्न फारसे उद्भवत नाहीत, आणि सहा-सात जणांच्या गटात एखाद्याला निवांत लपता येते. पहिले काम नवे काही लिहिण्याचे नसावे. दिलेला कोड वाचून त्यात कोणती गृहीतके दडली आहेत ती एका पानावर लिहून आणायला सांगावे, आणि या पानाला गुण ठेवावेत.

गृहीतके शोधायची कशासाठी, हे पटवून देण्यासाठी ४ जून १९९६ रोजी झालेल्या एरियान ५ रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाची हकीगत सांगावी. एरियान ४ वर नीट चाललेला कोड त्यात तसाच घेतला होता. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना ती मावली नाही, मार्गदर्शन यंत्रणा बंद पडली आणि उड्डाण सुरू झाल्यावर मिनिटभराच्या आत रॉकेट नष्ट झाले. जुन्या रॉकेटच्या मार्गावर ती संख्या एवढी मोठी होणारच नव्हती, म्हणजे तिथे तो कोड बिनचूकच होता. विशेष म्हणजे गणिताचा तो भाग उड्डाणानंतर चालू असण्याची एरियान ५ ला गरजही नव्हती. ही हकीगत सांगून झाली की लगेच हातातल्या कोडकडे वळावे आणि विचारावे: यात ‘हे असेच राहणार’ असे कोणी, कुठे, न लिहिता मानले आहे?

सत्राच्या मध्यावर, साधारण आठव्या आठवड्यात, मागणी बदलावी. ती बदलणार आहे हे सुरुवातीलाच सांगून ठेवावे. काय बदलणार ते सांगू नये. आपल्या उदाहरणात ‘एकच आरक्षण दर आठवड्याला आपोआप व्हावे’ ही मागणी दिसायला किरकोळ असली तरी कोडची रचना उघडी पाडते. एका आठवड्याची बैठक रद्द झाली तर पुढच्या आठवड्यांच्या बैठकी राहायला हव्यात की नकोत? चौथ्या आठवड्यात ती खोली आधीच कोणी घेतली असेल, तर सगळी मालिका नाकारायची की तेवढाच एक दिवस? ज्या गटाने तारखा आणि वेळा तपासण्याचे काम एका ठिकाणी ठेवले आहे, तो दोन-तीन फाइलींना हात लावून मोकळा होतो. ज्याने ते प्रत्येक स्क्रीनच्या कोडमध्ये पसरवले आहे, त्याला सगळीकडे हिंडावे लागते. कपलिंग (कोडचे भाग एकमेकांवर किती अवलंबून आहेत) आणि कोहीजन (एका भागातली कामे एकमेकांशी किती निगडित आहेत) हे शब्द फळ्यावर कितीही वेळा लिहिले तरी या आठवड्यात ते जेवढे कळतात तेवढे एरवी कळत नाहीत.

या टप्प्याचे गुण बदल पूर्ण झाला की नाही एवढ्यावर देऊ नयेत. काम सुरू करण्यापूर्वी गटाने किती तास लागतील याचा अंदाज लेखी द्यावा, आणि काम संपल्यावर प्रत्यक्ष लागलेले तास व तफावतीचे कारण लिहावे. अंदाज चुकल्याबद्दल गुण कापले की विद्यार्थी प्रत्यक्ष तासांचे आकडे जुळवून लिहू लागतात. म्हणून गुण कारणमीमांसेलाच असावेत. ‘वेळ कमी पडला’ या उत्तराला शून्य, आणि ‘रद्द करण्याचा कोड तीन ठिकाणी आहे हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले’ या उत्तराला पूर्ण.

टेस्टिंगचे मूल्यमापन करताना कव्हरेजच्या, म्हणजे टेस्टनी कोडचा किती भाग चालवला याच्या, टक्केवारीवर विसंबू नये. एकही गोष्ट पडताळून न पाहता नुसता कोड चालवणाऱ्या टेस्टसुद्धा शंभर टक्के दाखवू शकतात. त्याऐवजी कोडच्या दहा प्रती करून प्रत्येकीत मुद्दाम एकेक बग पेरावा आणि गटाच्या टेस्ट त्यांपैकी किती पकडतात ते मोजावे. एका प्रतीत वेळा एकमेकींवर येतात का हे तपासणाऱ्या ओळीत ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा कमी किंवा समान’ हे चिन्ह घालावे. आता १० ते ११ आणि ११ ते १२ ही दोन आरक्षणे एकमेकांना अडवू लागतील. नेमक्या ११ वाजताची टेस्ट केस ज्याने लिहिली असेल, त्यालाच हा बग सापडेल. सीमेवरच्या मूल्यांचा धडा घ्यायला याहून सोपी वाट मला तरी माहीत नाही, आणि तपासणी बरीचशी यंत्रावर सोपवता येत असल्याने मोठ्या वर्गालाही ती झेपते.

आता सगळ्यांत जास्त तक्रारी जिथून येतात त्या प्रश्नाकडे येऊ: गटाचे गुण एकेकट्याला कसे द्यावेत? गिट या कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातील कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, केवळ मोजून हे ठरवणे अन्यायाचे आहे. मोजले जाणार हे कळताच एका ओळीच्या बदलाचे पाच कमिट होऊ लागतात, आणि शेजारी बसून दुसऱ्याला अडचणीतून बाहेर काढणाऱ्याचे नाव नोंदीत कुठेच उमटत नाही. नोंदी मोजण्यापेक्षा वाचाव्यात. ‘बदल’, ‘फायनल’, ‘फायनल २’ असे संदेश असलेले सगळे कमिट मुदतीच्या आदल्या रात्रीचे असतील, तर काम कसे झाले ते वेगळे विचारावे लागत नाही.

आकड्यांसाठी सोपी पद्धत अशी. गटातील प्रत्येकाने स्वतःला वगळून इतरांमध्ये १०० गुण वाटावेत, आणि वाटणीचे कारण एकेका वाक्यात लिहावे. चौघांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १०० गुण येतात. समजा गटाला ७२ गुण आहेत, एका विद्यार्थिनीला सहकाऱ्यांकडून १२० मिळाले आणि एका विद्यार्थ्याला ७०. गटाच्या गुणांपैकी निम्मे, म्हणजे ३६, सगळ्यांना सारखे द्यावेत आणि उरलेले ३६ या प्रमाणात बदलावेत. तिला ३६ अधिक ४३.२ म्हणजे ७९.२ गुण मिळतील, त्याला ३६ अधिक २५.२ म्हणजे ६१.२. निम्मे गुण सामायिक ठेवल्याने गट एकत्र राहतो. मात्र ही वाटणी आणि रिपॉझिटरीतील (गटाचा कोड व त्याचा इतिहास जिथे साठवला जातो तिथल्या) नोंदी यांचा मेळ बसत नसेल, तर आकडा लावण्यापूर्वी गटाला बोलावून घ्यावे. तिघांनी मिळून चौथ्याला बाजूला टाकल्याचे प्रकार घडतात. ही वाटणी सत्राच्या मध्यावरही एकदा, गुणांशिवाय, करून घ्यावी, म्हणजे मागे पडलेल्याला सावरायला अवधी मिळतो.

तोंडी परीक्षा प्रत्येकाची वेगळी, दहा मिनिटांची घ्यावी. ‘ॲजाइल म्हणजे काय’ असले प्रश्न टाळावेत. विद्यार्थ्याने स्वतः मर्ज केलेली (मुख्य कोडमध्ये मिसळलेली) एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पडद्यावर उघडावी आणि विचारावे: इथे यादी रिकामी आली तर काय होईल, ही अट काढून टाकली तर कोणती टेस्ट पडेल, आणि रिव्ह्यू करणाऱ्याने सुचवलेला बदल तू का नाकारलास? कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांचा प्रश्नही इथेच बऱ्याच अंशी सुटतो. साधन वापरण्यावर बंदी घालून ती राबवत बसण्यापेक्षा, वापरले तर तसे लिहावे आणि मर्ज केलेल्या प्रत्येक ओळीचे उत्तर द्यावे, एवढा नियम पुरतो.

कोड रिव्ह्यूचे गुण रिव्ह्यू करणाऱ्यालाही द्यावेत, आणि ‘छान आहे’ या शेऱ्याला गुण नाहीत हे आधी दाखवून द्यावे. लेखी परीक्षा घेणे बंधनकारक असल्यास तिच्यात व्याख्यांऐवजी एखादे सदोष मागणीपत्रक छापून त्यातील संदिग्ध वाक्ये शोधायला द्यावीत. ‘यंत्रणा जलद असावी’ यासारखे वाक्य मोजता येईल असे पुन्हा लिहायला सांगितले, तर उत्तर पाठ करून येण्याची सोय राहत नाही.

शेवटच्या आठवड्यात डेमो ठेवायचाच असेल, तर तो स्वतःच्या सॉफ्टवेअरचा नसावा. प्रत्येक गटाने दुसऱ्या गटाची रिपॉझिटरी नव्या संगणकावर उतरवून, फक्त रीडमी ही सूचनांची फाइल वाचून, अर्ध्या तासात ती चालवून दाखवावी. या वेळात मूळ गटाने तोंड उघडायचे नाही. कुठे अडले, कोणती सूचना राहून गेली होती, हे पाहुण्या गटाने लिहून द्यावे आणि त्या कागदावर मूळ गटाचे दस्तऐवजीकरणाचे गुण ठरावेत. यातली जी रिपॉझिटरी सर्वांत कमी खळखळ करत चालू होईल, तीच पुढच्या वर्षीच्या वर्गाला पहिल्या आठवड्यात द्यायला ठेवून द्यावी. फक्त तिच्यातील विद्यार्थ्यांची नावे आणि ईमेल पत्ते आधी काढून टाकावेत.